दाद कोठे मागावी?

स्त्रीच्या हातून खून झाला की आपल्या समाजाची मती दोन टोकांना धावते. कोणी तिला कैदाशीण ठरवितात, कोणी चंडिका म्हणून तिची आरती ओवाळतात. २०२५ च्या मे महिन्यात पतीच्या हत्येच्या आरोपावरून यवतमाळात एका स्त्रीस अटक झाली, तेव्हाही चव्हाट्यावर हेच घडले. त्या प्रकरणातील सत्यासत्य ठरविणे हा न्यायालयाचा अधिकार होय. आम्ही त्यात पडत नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते समाजाच्या व सरकारच्या वर्तनाविषयी.

स्त्रिया बिघडल्या, असा जो गिल्ला होतो त्यास आकड्यांचा आधार नाही. देशातील तुरुंगांत शंभर कैद्यांमागे स्त्रिया सुमारे चार. परंतु संख्या अल्प म्हणून अपराध हलका ठरत नाही. कोवळ्या मुलांना पळवून त्यांचे खून करणाऱ्या गावित भगिनींची फाशी २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तेथे स्त्रीत्वाची सबब चालली नाही. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या फाशीची जन्मठेप केली, तीही दयेच्या अर्जाचा निकाल लावण्यास सरकारने वर्षानुवर्षे घालविली म्हणून. न्यायाचा काटा असाच सरळ असावा.

त्याच काट्याने नागपूरची घटनाही तोलली पाहिजे. १३ ऑगस्ट २००४ रोजी अक्कू यादव हा गुंड भर न्यायालयात जमावाकडून मारला गेला. कस्तुरबानगरच्या स्त्रियांनी त्यास संपविले, असे देशभर सांगितले गेले व त्यांचा जयजयकारही झाला. २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले. न्यायमंदिरातील हत्येचा गौरव आम्ही कदापि करणार नाही. परंतु वर्षानुवर्षे गांजलेल्या त्या वस्तीचे गाऱ्हाणे वेळीच का ऐकले गेले नाही, हा प्रश्न जयजयकार करणाऱ्यांनी तरी कितीसा विचारला?

हाच प्रश्न यवतमाळ जिल्ह्यासही विचारावा लागतो. वर्ध्यात १९७४ पासून व गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. यवतमाळच्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांनीही दारूबंदीसाठी मोर्चे काढले, निवेदने दिली. कायद्याची वाट त्यांनी सोडली नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला, त्यात संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद आहे. तरीही नवऱ्याचा मार खाऊन ठाण्याची पायरी चढलेल्या बाईस ‘घरचे भांडण घरात मिटवा’ असे सांगून परत पाठविले गेले, तर तो कायदा कागदावरच राहिला म्हणावयाचे.

खुनास क्षमा नाही, मग तो कोणाच्याही हातून होवो. परंतु सुरी हाती घेण्यापूर्वी त्या स्त्रीने अर्ज हाती घेतला होता काय, आणि घेतला असल्यास तो कोणाच्या टेबलाच्या खणात पडून राहिला, याची चौकशी अशा प्रत्येक खटल्याबरोबर झाली पाहिजे, अशी आमची मागणी आहे.