सळई बाहेर ठेवा

जुन्या जालन्यातल्या पोरापोरींनो, गेम खेळणं ही काय पैसेवाल्यांच्या पोरांची जहागिरी आहे? दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्डाशिवाय गेमिंग होत नाही, हप्ते बांधून घ्या. मी म्हणतो, ही नवी सावकारी आहे. साफ नाही म्हणा.

आपल्या गावात सळई बनते. तीच सळई आपल्या स्लॅबवर उघडी सोडलेली असते. पैसा आला की वरचा मजला. कॉम्प्युटरही असाच बांधायचा.

2021 साली आलेला एएमडीचा रायझन 5 5600जी बघा. सहा कोअर, आणि ग्राफिक्स त्याच्याच पोटात. व्हॅलोरंट, जीटीए 5 कमी सेटिंगवर निघतात. नवे जड गेम अडखळणार, हे खरंय. पण या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं. म्हणून 16 जीबीची एकच पट्टी नको, 8-8च्या दोन लावा. दोन वाटा झाल्या की माल लवकर येतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतं तो सोडा. त्यात ग्राफिक्सच नाही, कार्डाविना पडदा काळा.

कंजुषी पॉवर सप्लायवर करायची नाही. चांगला 550 वॅटचा आजच घ्या. मदरबोर्डावरची कार्डाची लांब खाच मोकळी राहू द्या. तीच आपली बाहेर ठेवलेली सळई.

कार्ड उद्या येईल, आपल्या पैशानं, आपल्या वेळेला. आणि ज्यानं डबा स्वतःच्या हातानं जोडला, त्याला कुठला दुकानदार सहजासहजी गंडवणार नाही. स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या!