गाठीला आधी नाव हवे

पोटातील गाठ कापून काढली की काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शस्त्रक्रियेसाठी घरदार कर्ज काढते. पण काढलेल्या गाठीची नीट तपासणी झाली काय, याची चौकशी क्वचितच होते. दुर्मीळ गाठींच्या बाबतीत ही उपेक्षा जिवावर बेतू शकते.

'जिस्ट' या गाठीचा इतिहास याला साक्ष आहे. जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत उगम पावणारी ही गाठ दहा लाख लोकांत वर्षाला सुमारे १० ते १५ जणांना होते. पूर्वी ती स्नायूंची गाठ म्हणून नोंदली जाई आणि यकृतात पसरली की नेहमीची केमोथेरपी तिच्यापुढे निष्प्रभ ठरे. १९९८ साली जपानमधील हिरोटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे मूळ 'किट' या जनुकातील बिघाडात असल्याचे दाखवले. २००० साली हेलसिंकीत एका रुग्ण स्त्रीला इमॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध देण्यात आले आणि तिच्या गाठी आक्रसल्या. रोगाचे खरे नाव कळले, त्यासरशी उपचारही पालटला.

हे औषध भारतात सामान्यांच्या आटोक्यात राहिले, याचे मोठे श्रेय १ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला आहे. नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा त्या दिवशी फेटाळला गेला. परंतु औषध स्वस्त असून भागत नाही. ते कोणाला द्यावे, हे ठरवणारी तपासणीही तितकीच सुलभ हवी. सीडी-११७ सारख्या चाचण्यांवाचून ही गाठ ओळखण्यात चूक होऊ शकते. शिवाय जनुकातील काही बिघाडांवर इमॅटिनिब चालत नाही. काही रुग्णांत आधी औषधाने गाठ लहान करून मग शस्त्रक्रिया करणे हिताचे असते; घाईने लावलेल्या सुरीने गाठ फुटली, तर रोग पोटभर पसरण्याचा धोका असतो.

दुर्मीळ रोगासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. चुकीच्या उपचाराचा खर्च त्याहून कितीतरी अधिक असतो, हे त्याचे उत्तर होय. प्रत्येक जिल्ह्यात तज्ज्ञ नेमणे शक्य नसेल. पण गाठीचा मेणात जपलेला नमुना तज्ज्ञाकडे पाठवणे खचितच शक्य आहे. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ साली उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग जाळे अशाच सहकार्यासाठी आहे. सरकारी मदतीच्या हिशेबात शस्त्रक्रियेइतकेच स्थान निदानालाही मिळाले पाहिजे. रुग्णाला परळपर्यंत फरफटत नेण्यापेक्षा तो नमुना पाठवणे स्वस्तही आहे आणि माणुसकीचेही!