जाहिरातीत नसलेले गेम

आष्टी म्हटले की पुष्कळांना बीडची आष्टी आठवते. आम्ही गेलो होतो ती जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी. एका घरी चहाला बसलो असता तेथील ताईंनी आपली तक्रार मांडली. "दादा, लेकरू दिसभर मोबाइलला चिकटून राहतंय. आमी दोघंबी कामावर. हिसकून घ्यावा तर अभ्यासबी त्यातच हाय म्हणतंय. काय करावं?"

लेकरू आठवीतले. आम्ही त्याचा मोबाइल पाहिला. चार गेम होते. चारही दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवणारे, आणि थोडे पुढे गेले की हिरे नाही तर नाणी विकत घ्या म्हणणारे. ताईंच्या मनात वेगळीच धास्ती होती. गल्लीतल्या एका तरुणाने मोबाइलवरच्या रमीत ऊसतोडीची उचल घालवली होती. पैसे लावून खेळायच्या अशा ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली. परंतु गेलेली उचल काही परत आली नाही, आणि ती फेडायला त्या घरची माणसे अजून कोयता घेऊन जातात.

म्हणून काय सगळेच गेम वाईट? आम्हाला तसे वाटत नाही. बाजारात वाईट पुस्तके मिळतात म्हणून आपण मुलांचे वाचन बंद करीत नाही. चांगले शोधून देतो. गेमचेही तसेच आहे, फक्त चांगले गेम जाहिरातीत दिसत नाहीत. जाहिरातीला पैसा लागतो आणि हे गेम एकेकट्या माणसाने किंवा चार-पाच जणांनी मिळून केलेले असतात.

आमच्या पसंतीचा पहिला गेम सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रॅमरचा. इंग्रजीत 'सायमन टॅथम्स पझल्स' असे लिहून शोधावे. एकाच अ‍ॅपमध्ये सुमारे ४० कोडी. फुकट, जाहिरात नाही, काही विकत घ्या म्हणत नाही, इंटरनेट बंद असले तरी चालते आणि जुन्या, कमी जागेच्या मोबाइलवरही मावते. दिसायला अगदी साधे, म्हणून मुले आधी नाक मुरडतील. थोडा धीर धरावा. त्यातले 'अनटँगल' हे कोडे पाहा. पडद्यावर ठिपके असतात, ते रेघांनी जोडलेले असतात आणि रेघा एकमेकींवरून गेलेल्या असतात. ठिपके बोटाने सरकवून असे मांडायचे की एकही रेघ दुसरीला कापणार नाही. बस, एवढेच. ठिपके कमी ठेवले तर लहान मूलही सोडवते, वाढवले तर मोठ्यांचा कस लागतो. दरवेळी कोडे नवीन तयार होते. चाल चुकली तर मागे घेता येते. अक्षर वाचावे लागत नाही, हे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटले. ताईंच्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. बाजेची दोरी सोडवावी तसा त्यांनी सहा ठिपक्यांचा गुंता सोडवला आणि नातवाकडे पाहून म्हणाल्या, "दुसरं लाव."

नवीन गेम घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. प्ले स्टोअरमध्ये नावाखाली 'जाहिराती आहेत' किंवा 'अ‍ॅपमधील खरेदी' असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय गेम घेऊ नये. घेतल्यावर मोबाइलचे इंटरनेट बंद करून तो चालतो का पाहावे. डेटाही वाचतो.

थोरल्या मुलींसाठी कोलकात्याच्या कलावंत लीना केजरीवाल यांनी २०१६ मध्ये काढलेला 'मिसिंग' सुचवतो. पळवून विकलेल्या मुलीच्या जागी खेळणाऱ्याने स्वतःला ठेवायचे आणि कोणाशी काय बोलावे, कोणावर विश्वास ठेवावा हे ठरवत सुटकेची वाट शोधायची. हा गेम करमणुकीचा नाही. लहानांच्या हाती देऊ नये, आणि मुलगी खेळत असता आईने किंवा मावशीने शेजारी बसावे. कामाच्या आमिषाने मुली कशा नेल्या जातात हा विषय आपल्या घरांत एरवी निघतच नाही.

अशा छोट्या गेमवाल्यांची जगातली मोठी पेठ म्हणजे 'इच डॉट आयओ' हे संकेतस्थळ. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव घेतला. पुढच्याच महिन्यात या पेठेतल्या शेकडो गेमवाल्यांनी आपली कामे एका गाठोड्यात विनामोबदला घातली. १७०० हून अधिक कामे, किंमत कमीत कमी ५ डॉलर. त्यातून ८० लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. ती कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या निधीला आणि अटक झालेल्यांना जामीन मिळवून देणाऱ्या निधीला गेली. वर्गणीतून चळवळ चालवणे आपल्याला नवे नाही. गेम करणारी पोरे ती अशी चालवतात, हे मात्र आम्हाला नवे होते.

आपल्या महाराष्ट्रातलाही एक सांगतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' काढला. त्यासाठी २०१७ मध्ये इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी काम सोडले नाही. पुढे त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या गटात तो नामांकित झाला. सर्कशीत काम करणारी मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला निघते, अशी कथा. राजवाडे नि चित्रे डोळ्यांचे पारणे फेडतात. कथा मात्र पुराणातल्या देव-दैत्यांची आहे आणि आम्हाला ती परकी वाटली. चवदार तळ्याकडे चालत निघालेल्या मुलीचा गेम अजून आमच्या पाहण्यात नाही.

हे ऐकून आठवीतल्या पठ्ठ्याने विचारले, "काका, आपल्याला करता येतो का गेम?" येतो. लहानांसाठी अमेरिकेतील एमआयटीने २००७ मध्ये सुरू केलेले 'स्क्रॅच' आहे, मोठ्यांसाठी 'गोडो' आहे. दोन्ही फुकट. संगणक मात्र हवा. शाळेत आहे, पण खोलीला कुलूप असते, असे तो म्हणाला. उद्या सरांना जाऊन विचार, असे आम्ही सांगितले. त्याने दोन्ही नावे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली. मोबाइल तोवर आजीकडेच होता.