हिमनग जवळून बघू नका

‘वितळायच्या आत बघून घ्या.’ हिमनगाच्या रीलखाली कुणीतरी हे लिहिलेलं असतंच. गेल्या जूनमध्ये मीही त्याला भुललो. टोरांटोहून विमानाने गँडर, तिथून भाड्याच्या गाडीने ट्विलिंगेट. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचं हे मासेमारीचं जुनं गाव. उन्हाळ्याच्या तोंडावर इथून हिमनग दक्षिणेकडे सरकत जातात. आम्ही चौघे मित्र, एक बोट आणि चार फोन.

आधी कबूल करतो, तो सुंदर होता. पांढऱ्या अंगावर निळी शीर. इंजिन बंद केल्यावर पाण्यातून बारीक तडतड ऐकू येत होती, फोडणीत मोहरी उडावी तशी. बर्फात हजारो वर्षं दाबून राहिलेली हवा बुडबुड्या-बुडबुड्यांनी सुटत होती.

बोटवाला लांबच थांबला. मी म्हटलं, "अजून थोडं जवळ?" त्याने मान हलवली. हिमनगाच्या लांबीइतकं किंवा उंचीच्या दुप्पट, यातलं जे जास्त असेल तेवढं अंतर ठेवायचं, असा नियम. आम्ही नाराज झालो. पैसे मोजले होते ना! दहा मिनिटांनी तोफेसारखा आवाज झाला, एक कडा कोसळली आणि अख्खा हिमनग डुलायला लागला. लाटेने आमची बोट हलली. तेव्हा आम्ही गप्प बसलो.

परतल्यावर मी व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं: ‘पृथ्वी रडतेय.’ बदाम भरपूर आले. माझं भांडण या वाक्याशी आहे, म्हणजे आधी स्वतःशीच.

कारण ते चूक आहे. हिमनग हा मरणपंथाला लागलेला पेशंट नाही. पश्चिम ग्रीनलंडच्या हिमनद्यांपासून सुटायचं, दोन-तीन वर्षं भटकत लॅब्राडोरच्या थंड प्रवाहातून खाली यायचं आणि वितळायचं, हाच त्याचा नेहमीचा प्रवास. १९१२ साली टायटॅनिक अशाच एकावर आदळलं. त्यानंतर सुरू झालेली आंतरराष्ट्रीय हिमगस्त ४८ अंश उत्तर अक्षांशाच्या खाली उतरणारे हिमनग मोजते. १९८४ साली २,२०२ मोजले, २००६ साली एकही नाही, २०१४ साली दीड हजारांच्या वर. मग माझ्या फोटोतल्या एका हिमनगाने काय सिद्ध होतं? काहीच नाही.

शिवाय तरंगता बर्फ वितळला म्हणून समुद्र फारसा चढत नाही. सरबतातला बर्फ विरघळल्यावर पेला कुठे उतू जातो? समुद्र चढतो तो जमिनीवरचा बर्फ पाण्यात उतरतो तेव्हा. ते काम मी तिथे पोचायच्या कितीतरी आधी उरकलं होतं. खरी बातमी जमाखर्चाची आहे: नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ग्रीनलंडच्या बर्फाच्या खात्यात जमेपेक्षा खर्च सातत्याने जास्त आहे. हा हिशेब बोटीतून दिसत नाही आणि रीलमध्ये मावत नाही.

‘पण बघितल्याशिवाय कळवळा येत नाही,’ असं म्हणाल. मला आला की! कळवळ्याने मी एकही विमानप्रवास रद्द केला नाही. उलट ‘शेवटची संधी’ म्हणत आणखी एक वाढवला. एखाद्याच्या घराला आग लागलीय म्हणून शेकोटीला जावं, तसलं हे पर्यटन. त्या बोटवाल्याला मी बोल लावत नाही. १९९२ साली तिथली कॉड मासेमारी बंद झाली. गावांनी पोट भरायचं कशावर? प्रश्न आपल्यासारख्या तिकीट काढून हळहळणाऱ्यांचा आहे.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट येते. ग्रीनलंडवरचा बर्फ इतका प्रचंड आहे की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचा समुद्र त्याच्याकडे ओढला गेलेला आहे. बर्फ घटला की ती ओढ सैल होते. मग ग्रीनलंडलगतचा समुद्र उतरतो आणि दूरच्या, उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढतो. म्हणजे घटना तिकडे, बिल इकडे.

माझ्या मामाची भातशेती पेणच्या खारेपाटात आहे. मधे फक्त एक बांध, पलीकडे खाडी. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं भात नीट येत नाही. फुटण्याची कारणं बरीच: रखडलेली दुरुस्ती, तोडलेली कांदळवनं, रेतीउपसा. चढता समुद्र त्या सगळ्यांच्या पाठीवर बसलेला आहे. ट्विलिंगेटहून मी मामाला व्हिडिओ कॉलवर हिमनग दाखवला होता. त्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "अरे, एवढं पाणी जातं कुठे?"

मी हसून विषय बदलला. त्याच्याइतका नेमका प्रश्न आमच्या बोटीत कुणीच विचारला नव्हता.

म्हणून म्हणतो, हिमनग जवळून बघू नका. बघायचंच असेल तर पावसाळ्यात, उधाणाच्या दिवशी, भरतीची वेळ साधून खारेपाटातल्या एखाद्या बांधावर उभे राहा. पाणी कुठवर आलंय ते बघा, आणि बांधाची शेवटची दुरुस्ती कधी झाली ते विचारा. फोटो फारसा चांगला येणार नाही. तरी काढा, आणि खाली ‘पृथ्वी रडतेय’ न लिहिता बांधाचं नाव, तारीख आणि वेळ लिहा.