नखावरची आडवी खाच काय सांगते?

मैत्रिणींनो, आजचं पान वाचायच्या आधी एक छोटंसं काम करा. नेलपॉलिश लावलेलं असेल तर पुसून टाका, हात धुऊन कोरडे करा आणि खिडकीशी उजेडात उभं राहून दहाही नखं नीट पाहा. एवढ्यावर भागत नाही, तेव्हा दुसऱ्या हाताच्या बोटाचं टोक नखाच्या मुळापासून पुढे हळूच फिरवा. कुठे आडवी खाच लागते का?

उभ्या रेघा लागल्या तर काळजी नको. मुळापासून टोकाकडे जाणाऱ्या बारीक उभ्या रेघा वयाबरोबर ठळक होतात, केस पिकतात ना, तसंच. पांढरे ठिपके दिसले की आपण लगेच ‘कॅल्शियम कमी झालंय’ म्हणतो. पण ते बहुतेक वेळा बोट कुठेतरी आपटल्याचे असतात आणि नखाबरोबर पुढे सरकून जातात. आज बोलायचं आहे ते या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेल्या आडव्या खाचेबद्दल.

नख तयार होतं ते मुळाशी, कातडीच्या आत. तिथे रोज थोडं थोडं नवं नख बनतं आणि जुन्याला पुढे ढकलतं. टायफॉइड, डेंग्यू, मलेरिया, न्यूमोनियासारखा मोठा आजार झाला किंवा मोठं ऑपरेशन झालं की शरीर आपली सगळी शक्ती तिकडे लावतं आणि नख बनवायचं काम काही दिवस मंदावतं, कधी थांबतंच. स्वेटर विणताना मध्ये दोन ओळी घट्ट पडल्या, तर पुढे कितीही छान विणलं तरी तो आवळलेला पट्टा दिसतोच. ही खाच म्हणजे तोच पट्टा. जोसेफ बो या फ्रेंच डॉक्टरांनी 1846 साली तिचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर मंडळी तिला ‘बो रेषा’ म्हणतात. कोविडच्या साथीतही अनेकांच्या नखांवर अशा रेषा उमटल्या होत्या.

गंमत म्हणजे, दुखणं कधी झालं हे या खाचेवरून मोजता येतं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि मुळाजवळच्या कातडीपासून खाच किती दूर आहे ते मोजा. 6 मिलिमीटर भरलं तर दोन महिने झाले. खाच कातडीखालून बाहेर यायलाच साधारण महिना जातो, तोही धरा. म्हणजे तीन महिने. दिवाळीच्या सुमारास एवढ्या अंतरावर दिसणारी खाच आषाढ-श्रावणातल्या दुखण्याची! हा हिशेब अर्थात ढोबळ आहे. पायाची नखं फारच सावकाश वाढतात, तिथे हे माप चालत नाही.

आता महत्त्वाचा प्रश्न: खाच एकाच नखावर आहे की सगळ्या?

एकाच नखावर असेल तर कारण बहुधा त्या बोटापुरतंच असतं. दारात बोट चेमटलेलं असतं, किंवा नखुरडं झालेलं असतं. धुणंभांडी आणि स्वयंपाक यांत आपले हात सतत ओले राहतात. त्यामुळे नखाच्या कडेची कातडी सुजते, लाल होते आणि नख ओबडधोबड, आडव्या लाटांचं येऊ लागतं. हात कोरडे पुसून रात्री खोबरेल तेल लावावं आणि भांडी घासताना रबरी हातमोजे घालावेत. दोन्ही अंगठ्यांच्या मधोमध शिडीसारख्या आडव्या रेघा असतील, तर बोटाने अंगठ्याच्या मुळाची कातडी मागे सारण्याची सवय आहे का, ते पाहा. सवय सुटली की नख सुधारतं.

सगळ्या किंवा बहुतेक नखांवर, सारख्याच अंतरावर खाच असेल, तर मात्र कारण शरीरातलं. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या दहाही नखांवर अशी खाच होती. ‘मी कुठे आजारी होते?’ असं त्या म्हणाल्या. पट्टीने मोजलं तेव्हा आठवलं, की घरी पाहुणे असताना आठवडाभर अंगात सडकून ताप होता. गोळ्या घेऊन त्यांनी दोन्ही वेळचा स्वयंपाक रेटला होता. आता केस झडत होते आणि जिना चढताना धाप लागत होती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8! सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, एवढं होत होतं तर बोलायचं नाही का?’ मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, तेव्हा ते आणि खाच यांचा मेळ बसला. धाप मात्र रक्त कमी असल्याची होती, आणि तिच्यावर औषध हवंच होतं.

लहान मुलांना हात-पाय-तोंडावर फोड येणारा ताप येऊन गेला, की महिना-दोन महिन्यांनी नखं मुळापासून सुटून गळतात. आई घाबरते, पण खालून नवं नख येतं. तान्ह्या बाळाच्या नखांवर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत दिसणारी खाचही जन्माच्या वेळच्या ताणाची असू शकते आणि आपोआप पुढे जाते.

उमटलेली खाच कुठल्याही तेलाने किंवा मलमाने भरत नाही. कानशीने घासून ती काढू नका, नख आणखी पातळ होईल. आजार बरा झाला असेल तर सहा महिन्यांत ती टोकाशी येते आणि नखाबरोबर कापली जाते. मात्र पुढचं नख चांगलं यावं म्हणून आहार हवा. डाळी, उसळी, दूध, चालत असतील तर अंडी, आणि पालेभाजीवर लिंबू. जेवणावर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं? आजार आठवत नसताना सगळ्या नखांवर खाच असेल तर. एकामागून एक खाचा येत असतील तर. सोबत थकवा, धाप किंवा वजन घटणं असेल तर. नख चमच्यासारखं खोलगट झालं असेल तर (हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं). आणि एखाद्या नखात नवा काळा उभा पट्टा दिसून तो रुंदावत असेल तर अजिबात थांबू नका. जाताना नखं रंगवलेली नकोत.

आणखी एक सांगते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आपण दुधाचा खाडा लिहितो, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो, मुलांच्या लशी लिहितो. त्याच चौकोनात ‘मला ताप’ असंही लिहीत जा. डॉक्टरांनी विचारलं की तारीख सांगता येईल, आणि घरातल्यांनाही ती वाचता येईल.