उशीर झाला तरी चालेल

मला गाडी चालवता येत नाही, हे आमच्या नातेवाइकांना ठाऊकच आहे. तरीही आज ब्रेकविषयी लिहिणार आहे, कारण ब्रेकचा संबंध चालवणाऱ्याइतकाच मागे बसणाऱ्यांशी आणि पुढे वाट बघणाऱ्यांशीही असतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

आपल्याकडे एक विचित्र समजूत आहे. चढ म्हणजे कष्ट आणि उतार म्हणजे आराम. मी तीसेक वर्षं मुलांना भूगोल शिकवला, सह्याद्रीतले घाट नकाशावर दाखवले. पण उताराचा खरा धडा मला मागच्या वर्षी कुंभार्ली घाटात मिळाला. कऱ्हाडहून चिपळूणकडे निघालो होतो, भाचीच्या साखरपुड्याला. अर्ध्या घाटात जळकट वास यायला लागला. मुलगा म्हणाला, "आई, पेडल खाली चाललंय." त्याने खालच्या गिअरवर गाडी हळू केली आणि एका रुंद जागी डोंगराच्या बाजूला घेतली. चाकामागे आम्ही दगड लावले, पुढेही लावले.

जवळच्या चहाच्या टपरीवाल्याने ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. पंचविशीचा मुलगा, मोटरसायलवर घाट चढून आला. आधी गाडीला हात न लावता म्हणाला, "आजी, अजून थंड होऊ द्या." गरम चाकावर पाणीही मारू दिलं नाही, एकदम गार झालं तर डिस्क वाकते म्हणाला. मग त्याने समजावलं ते असं. सतत ब्रेक दाबला की तो तापतो. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून जुनं झालं की लवकर उकळतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि तेल दाबलं जात नसलं तरी वाफ दाबली जाते. म्हणून पेडल मऊ लागतं आणि गाडी थांबत नाही. डॉट ३ प्रकारचं नवं तेल निदान २०५ अंशांपर्यंत टिकायला हवं. पाणी मुरलेल्या तेलाला १४०ची हमी असते. विज्ञानाच्या तासाला शोभेल असं उत्तर! आमच्या गाडीतलं तेल काळपट निघालं. आदल्याच महिन्यातल्या शहरी सर्व्हिसिंगच्या बिलात मात्र 'ब्रेक तपासले' असं छापील लिहिलेलं होतं.

त्याने नवं तेल भरलं, चारही चाकांतली एअर काढली, जवळच पाच-सहा वेळा गाडी फिरवून बघितली. या सगळ्यात अडीच तास गेले.

आता मुद्द्याचं. त्या अडीच तासांत माझा फोन अकरा वेळा वाजला. "कुठे पोचलात?" "गुरुजी थांबलेत." एका जवळच्या माणसाने तर सांगितलं, "आता काय, नुसता उतारच राहिलाय, न्यूट्रलवर या हळूहळू!" वाचणाऱ्यांपैकी कोण ते मी सांगत नाही. पण न्यूट्रलवर उतरणं म्हणजे गाडी धरून ठेवणारं इंजिन सोडून देणं आणि सगळा भार ब्रेकवर टाकणं. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदतही दोन-चार दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने उतारावर कितीतरी गाड्या चिरडल्या. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं. आणि पेट्रोल वाचतं म्हणावं, तर आताच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच करतात. जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ते अजूनही खरं आहे.

चालवणारा तरुण असतो. मागे आई, बायको, लेकरं, पुढे मुहूर्त. अशा वेळी "जाऊ या, बघू" असं त्याच्या तोंडून निघायला अकरा फोन पुरे होतात. आपण वेळेवर पोचण्याला प्रेमाची खूण मानतो आणि त्यापायी प्रेमाच्याच माणसांना घाईला लावतो.

बारावा फोन माझ्या धाकट्या बहिणीचा आला. म्हणाली, "ताई, तुम्ही रात्री या नाहीतर उद्या या. पुरणपोळी झाकून ठेवते." त्या एका वाक्याने मुलाचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. त्यानंतर त्याने मेकॅनिकला एकदाही "अजून किती वेळ?" असं विचारलं नाही.

म्हणून माझं सांगणं गाडीवाल्यांना थोडं आणि घरी बसलेल्यांना जास्त आहे. गाडीवाल्यांनी दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलून घ्यावं आणि लांबच्या प्रवासाआधी स्वतः उभं राहून बघावं. पेडल मऊ लागलं तर तिथेच थांबावं, मग कार्य कुणाचंही असो. परगावचा मेकॅनिक फसवेलच असं धरून चालू नये. माझ्या मते तो अनेकदा मोठ्या बिलापेक्षा खरं बोलतो.

आणि घरच्यांनी फोन जरूर करावा, पण "कुठे पोचलात" ऐवजी "उशीर झाला तरी चालेल" एवढंच म्हणावं. साखरपुडा आमच्यावाचून पार पडला. फोटोत आम्ही नाही. भाचीचं लग्न मात्र आम्ही सगळे मिळून डोळे भरून पाहिलं. असो.