नळी बसली, पुढे काय?

घटसर्पाने घसा बंद झालेल्या मुलाच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्याला श्वास मिळवून देणे, हे एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाचे मोठे धाडस होते. पॅरिसच्या त्रूसोने शस्त्रक्रिया केलेल्या अशा मुलांपैकी जेमतेम चतुर्थांश वाचली. एरवी तीही गेली असती. भारतात १९७८ नंतर लसीकरण विस्तारले आणि घटसर्प, समूळ गेला नसला तरी, मागे हटला. छेद मात्र राहिला. आज ट्रॅकिओस्टॉमी होते ती बहुधा निराळ्या मुलांवर: अपुऱ्या दिवसांची जन्मून दीर्घकाळ कृत्रिम श्वासावर राहिलेली, त्या उपचारातच स्वरयंत्राखालचा मार्ग अरुंद झालेली, जन्मतः जबड्यात दोष असलेली, स्नायू दुबळे असलेली. पूर्वी यांतील कित्येक बालके आठवडाभरही जगत नसत. विज्ञानाचे हे यश मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारला पाहिजे.

असे मूल रुग्णालयातून घरी जाते, तेव्हा ते कोणाच्या स्वाधीन होते? मावळातील बेडसे घ्या. लेण्यांमुळे गावाचे नाव सर्वदूर पोचले. पुण्यातील मोठी रुग्णालये मात्र येथून पन्नासेक किलोमीटरवर. तान्ह्याच्या नळीचा व्यास तीन-चार मिलिमीटर. कफाची एक गुठळी ती बंद करायला पुरते, आणि प्राणवायूवाचून मेंदू काही मिनिटेच तग धरतो. शिवाय हवा स्वरतंतूंपर्यंत पोचत नसल्याने असे मूल रडले तरी बहुधा आवाज फुटत नाही. आईने रात्र जागायची ती ऐकण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी.

नळी असलेली जी मुले दगावतात, त्यांतील बहुतेक मूळ आजाराने दगावतात. नळी तुंबून वा निसटून होणारे मृत्यू थोडे. पण ते टाळता येतात, म्हणूनच अधिक लाजिरवाणे. त्यासाठी हवे ते काही अलौकिक नाही: कफ ओढण्याचे यंत्र, वीज गेल्यास पायाने चालणारा पंप, एक जादा नळी, तिच्याहून एक माप लहान दुसरी, आणि नळी बदलायला शिकलेली घरातील दोन माणसे. ही दोन माणसे आणायची कोठून? बाप कारखान्यात कंत्राटी पाळीवर, आई भाताच्या आवणीला. एकाने घरी बसायचे म्हणजे एक मजुरी बुडाली. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे; बुडालेल्या मजुरीला तेथे रकाना नाही.

अशी मुले ती किती, असे हिशेबी लोक म्हणतात. मग हिशेबच व्हावा! ज्या बालकासाठी आठवडेच्या आठवडे अतिदक्षता विभाग राबला, त्याला काही हजारांच्या यंत्रावाचून घरी धाडणे ही कसली काटकसर? यंत्र व जादा नळ्या शासनाने घरी जातानाच द्याव्यात, नळी साफ करण्याचे शिक्षण तालुक्याच्या रुग्णालयातील परिचारिकेलाही मिळावे, आणि तपासणीच्या दिवशी बुडालेली मजुरी भरून द्यावी. अनेक मुलांची नळी पुढे काढता येते. पण ती तपासणीवाचून काढता येत नाही, आणि तपासणी नेमकी आवणीच्या दिवसांत येते.